‘तुमकां कितें मेळटा?’

गोव्यात पर्यावरणाचं काही काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, बाजारात मासळी विकणारी बाय विचारते, पंचायतीबाहेर उगाच उभा असलेला कोणीतरी विचारतो. सूर ऐकला की कळतं, कुणाला नेमकं काय विचारायचंय. एखाद्याला खरंच कुतूहल असतं. पुष्कळांची खात्री असते की परदेशातून पैसा येतो. काहींना वाटतं, ही बाई पुढच्या पंचायत निवडणुकीला उभी राहणार, त्याची ही तयारी. माझ्या सासूबाईंची चिंता निराळी होती. जूनच्या पावसात रात्री अकराला मी निथळत घरी आले की त्या म्हणायच्या, "मिळतं काय गो तुला? थंडी-ताप!"

यावर एक ठरलेलं उत्तर असतं. निसर्गावर प्रेम आहे, म्हणून करतो. बक्षीस समारंभात, वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत सगळे हेच सांगतात. मला ते कधी पटलं नाही. निसर्गावर जीव टाकणारी कितीतरी माणसं आमच्याकडे आली, सुंदर बोलली, सुंदर फोटो काढले, आणि तिसऱ्या पावसाळ्यात दिसेनाशी झाली. उलट आमच्यात एक गॅरेजवाला आहे. त्याला आजही बगळा आणि ढोकरी यांतला फरक विचारला तर तो हसतो आणि स्पॅनर शोधायला लागतो. तो मात्र एकही वणवा चुकवत नाही. तेव्हा माणूस येतो कशामुळे हा एक प्रश्न झाला आणि राहतो कशामुळे हा वेगळा. दुसऱ्याकडे फार कुणी बघत नाही.

आमचा गट लहान आहे. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांच्या हद्दीवर, अंजुणे धरणाच्या खालच्या अंगाला, चार-पाच गावांतून माणसं येतात. नोंदणी नाही, लेटरहेड नाही, अध्यक्ष नाही. मी साखळीच्या एका शाळेत शिकवते. बाकी कोणी काजूची बागायत करतो, कोणी सोसायटीत कारकून आहे, कॉलेजची मुलं आहेत, एक भजनी मंडळाचा पखवाजवाला आहे. वर्षाचं वेळापत्रक निसर्गानेच घालून दिलेलं. जूनमध्ये बेडूक, जानेवारीत तळ्यांवर पाणपक्ष्यांची गणना, फेब्रुवारीच्या अखेरीपासून वणवे. मधल्या काळात देवरायांकडे एखादी फेरी. आम्ही राय म्हणतो. मधले महिने जो तो आपल्या संसारात.

गर्दी होते ती बातमी आली की. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. त्या आठवड्यात आमच्याकडे इतके फोन आले की काय काम द्यावं कळेना. त्याच वर्षी मोलेचं प्रकरण उभं राहिलं. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी, तिन्ही एकदम. लोक टाळेबंदीत घरात बसलेले, त्यामुळे विद्यार्थी, चित्रकार, वकील, शास्त्रज्ञ सगळे फोनवरूनच कामाला लागले. नोव्हेंबरात चांदरला रात्रभर लोक रुळांजवळ ठाण मांडून होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची मंजुरी रद्द केली. त्या दिवशी डिचोलीतसुद्धा पेढे वाटले गेले. आणि मग हळूहळू फोन थांबले.

यात कुणाला दोष द्यायचा नाही. गोव्यातली माणसं वेळप्रसंगी रस्त्यावर येतात, हा आपला मोठाच गुण. जानेवारी १९९५ मध्ये फोंडा तालुक्यातल्या केरीला नायलॉनच्या कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात निलेश नाईक हा तरुण पोलिसांच्या गोळीने गेला, आणि कारखाना गोव्यातून हलला. २००६ च्या डिसेंबरात प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक पणजीत उतरले, नव्या वर्षाच्या जानेवारीत तो आराखडा गेला. राग हा उपयोगी पडतो. फक्त रागाला समोर कोणीतरी लागतं. बेडकांच्या बाबतीत समोर कोण असतं? बहुतेक वेळा आपल्याच वाड्यावरचा, शाळेत आपल्या मागच्या बाकावर बसलेला माणूस, हातात बॅटरी आणि पाठीला गोणी.

ही बेडकांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मृगाचा पहिला दणका बसला, शेतांच्या खाचरांत वीतभर पाणी साचलं, की त्याच रात्री मोठे बेडूक बाहेर पडतात. एरवी चिखलाच्या रंगाचे नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या फुगतात. आवाज असा की दहा-वीस जण एका खाचरात असले तर शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. मादीला बोलावण्याचा हा त्यांचा वर्षातला एवढाच काळ. आणि हाच त्यांना पकडण्याचा. डोळ्यांवर प्रखर उजेड मारला की बेडूक जागच्या जागी थिजतो. हात घालायचा, गोणीत टाकायचा. तंगड्या मोडून हॉटेलांकडे जातात, मेनूकार्डात नाव नसतं, वेटर हळूच विचारतो, ‘जंपिंग चिकन’ घेणार का. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, बेडकाच्या पायांची निर्यात देशाने १९८७ मध्ये बंद केली, वनखातं दरवर्षी इशारा काढतं. पण पहिल्या पावसाच्या रात्री एका तालुक्यातल्या सगळ्या खाचरांवर पहारा ठेवील एवढं मनुष्यबळ कुठल्या खात्याकडे असणार?

म्हणून आम्ही फिरतो. फिरतो म्हणजे काय तर दोघा-दोघांनी आपापल्या ठरलेल्या शेतांच्या बांधावर उभं राहायचं. पकडायला आलेल्यांशी भांडायचं नाही, हा आमचा जुना नियम. बॅटरी त्यांच्या तोंडावर मारायची नाही. नुसतं नावाने हाक मारायची. "काल खंय आशिल्लो रे? आवयक बरें आसा मू?" काल कुठे होतास, आईला बरं आहे ना, अशी विचारपूस सुरू झाली की गोणी घेऊन खाचरात उतरणं अवघड होऊन बसतं. गावात चोरी करायला एक प्रकारचा अनोळखीपणा लागतो, तो आम्ही काढून घेतो. काही जण शिव्या घालून पुढच्या वाड्यावर जातात, हेही खरं. दर वर्षी जमतंच असं नाही.

या रात्रींत टिकलेली माणसं आणि न टिकलेली माणसं यांत काय फरक होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक गोष्ट वारंवार दिसते. ज्याला स्वतःचं शेत होतं तो टिकला. मालकीचं नव्हे, पहाऱ्याचं. ‘देवळामागची खाचरं तुझी’ असं ज्याला सांगितलं गेलं, त्याने दुसऱ्या वर्षी स्वतःहून फोन केला, कारण देवळामागे पाणी साचलंय हे त्याने आमच्याआधी बघितलेलं असतं. ज्यांना ‘या, जिथे गरज असेल तिथे मदत करा’ असं म्हटलं, ते जिथे गरज असेल तिथे उभे राहिले, थोडा वेळ मोबाइल बघितला आणि घरी गेले. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

दुसरी गोष्ट आमच्या काकांच्या वहीत आहे.

काका कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर कंडक्टर होते, वाळपई मार्गावर. तिकिटं फाडून फाडून हिशेबाचं अंगवळण पडलेलं. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले ते मुळी बेडकांसाठी आलेच नव्हते. रात्री झोप लागत नाही, फिरायला सोबत मिळेल म्हणून आले, हे ते उघड सांगतात. आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते लांब वही विकत आणण्याचं. पट्टीने रकाने आखले. तारीख, पाऊस कधी सुरू झाला, पहिला आवाज कुठल्या खाचरात, किती वाजता, पकडणारे दिसले का, कोण आलं. इथवर कोणीही आखेल. शेवटचा रकाना त्यांचा स्वतःचा: ‘कोण आलं नाही व का’.

मी ती वही एकदा दुपारभर वाचत बसले होते. ‘पखवाजवाले – सप्ताह.’ ‘शिक्षिका बाई – पेपर तपासणी.’ ‘सोसायटीवाला – बायकोचं बाळंतपण, मुलगी झाली, वजन अडीच किलो.’ ‘बाबुल्या – कारण कळलं नाही, उद्या घरी जाऊन येणे.’ आणि खाली वेगळ्या शाईत, ‘गेलो. बापाचं पाय मोडलंय. बाबुल्याने च्या केली.’ वहीत कुठल्या प्रजातीचे किती बेडूक हे फारसं नाही. शास्त्रज्ञाला ती दाखवली तर तो बहुधा विनयाने परत देईल. पण आमच्या गटातली माणसं वर्षानुवर्षं का टिकली हे कुणाला शोधायचं असेल तर त्याने हा शेवटचा रकाना वाचावा. आपण गेलो नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी येऊन ठेपतं. रागवायला नाही, विचारायला.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आपल्या भागातल्या नैसर्गिक जागा आणि नद्या सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचा एक अभ्यास २००१ साली छापून आला आहे, रॉबर्ट रायन, रेचल कॅप्लन आणि रॉबर्ट ग्रीस या तिघांचा. त्यात लोकांना विचारलं, तुम्ही का आलात? पर्यावरणाला मदत व्हावी आणि काही शिकायला मिळावं, ही कारणं सगळ्यांत वर होती. मग त्यांनी कोण बांधिलकीने टिकून आहे ते तपासलं, तर त्याचा धागा माणसांच्या संगतीशी आणि काम नीट आखलेलं असण्याशी जुळला. शिकण्याचाही वाटा होता. आमच्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं कळायला मिशिगनला गेले?" त्यांचं बरोबर होतं, पण मला तो कागद वाचून बरं वाटलं होतं.

मिशिगनला जायची गरज नव्हती हे दुसऱ्या अर्थानेही खरं. माझं आजोळ तिसवाडीतलं, खाजनाच्या काठचं. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. म्हणजे खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवून केलेली भातशेती. बांधाला ठिकठिकाणी मानशी असतात. मानशीचं लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आपोआप उघडतं. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था गावोगावी चालू होती. १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत गांवकरीच्या, म्हणजे गावाची जमीन एकत्र सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, ज्या चालीरीती त्यांनी लिहून घेतल्या, त्या त्यांच्याही आधीच्या. बांधाची देखभाल गावाची. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा, पैसा बांधाच्या कामी यायचा. आणि बांध फुटला तर? आजोबा सांगायचे, रात्री हाकाटी झाली की चिखल, पेंढा, चिरे, जे हाती लागेल ते घेऊन माणसं धावत. घरून कोणी गेलं नाही तर सकाळी सगळ्यांना माहीत असे. तिथे पर्यावरण हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. खारं पाणी शिरलं तर जमीन काही वर्षं पिकत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. गांवकरीत कुणाला स्थान होतं आणि कुणाला नव्हतं हे आपण जाणतो; बायकांना तर नव्हतंच. १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. त्यानंतर बांधाची जबाबदारी मात्र कुणाच्याच अंगाला नीट चिकटली नाही. कुळांच्या संघटना कागदावर आल्या, शेतीतून पोरं बाहेर पडली, कोळंबी आणि मासळीसाठी मुद्दाम पाणी आत घेतलं जाऊ लागलं. आज आजोळच्या खाजनात खारफुटी उभी आहे. छान दिसते. पक्षीही येतात. भात नाही. तिथला एक तरुण गट बांध दुरुस्त करायचा प्रयत्न करतोय, गेल्या खेपेस भेटला तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं, "ताई, स्वयंसेवक आणायचे कुठून?" मला वाटलं, त्याचे आजोबा या प्रश्नाला हसले असते. मानशीच्या लिलावाचा थोडा हिस्सा पुन्हा बांधाला मिळाला तर माणसं बांधावरच सापडतील, हे माझं मत. त्याला ते अव्यवहार्य वाटलं.

आता खाणी. हा विषय टाळून डिचोली-सत्तरीत पर्यावरणावर काही लिहिणं म्हणजे लपवाछपवी. माझ्या दिराचे दोन ट्रक होते. सुर्ल-पाळीच्या बाजूने खनिज मांडवीच्या जेटीवर नेऊन टाकायचे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. खाणींनी काय केलं ते मला ठाऊक आहे. विहिरी आटल्या, शेतं लाल गाळाने भरली, रस्त्याकडेच्या घरांची कौलं आणि माणसांच्या छात्या धुळीने माखल्या. पण आमच्या अंगणात दोन ट्रक ताडपत्रीखाली गंजत उभे होते आणि सोसायटीचा माणूस दर महिन्याला येत होता, हेही मला ठाऊक आहे. एका रात्री मी रेनकोट चढवत असताना दीर शांतपणे म्हणाला, "वयनी, तुमी रान राखात. म्हज्या ट्रकाचो हप्तो कोण भरतलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

याच दिराला मी मार्च २०२३ मध्ये डोंगरावर पाहिलं. ऐन शिगम्याचे दिवस. म्हादई अभयारण्यात आणि भोवती एकामागून एक वणवे पेटले होते, वरून हवाईदल आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती, आणि खाली वनखात्याच्या माणसांबरोबर गावातली पोरं होती. वणवा विझवणं हे दिसायला फार साधं काम. हिरव्या पानांची फांदी तोडायची, जाळाच्या कडेला उभं राहून खाली दाबत झोडपायचं. जोरात मारली तर ठिणग्या उडून मागे आग लागते, म्हणून मारायची नाही, दाबायची. पुढे दोघे-तिघे पालापाचोळा ओढून जाळरेषा काढतात. घशाला कोरड पडते, भुवया करपतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे विझवलेला ओंडका तासाभराने पुन्हा धुमसायला लागतो. दिराने ट्रकातले पाण्याचे कॅन आणले होते. कॅन उतरवून तो तिथेच थांबला. गॅरेजवाल्याने त्याच्या हातात फांदी दिली आणि म्हणाला, "तू ती कड घे." बस्स. तो आज ‘आपल्या’ कडेची जाळरेषा दर फेब्रुवारीत स्वतः जाऊन बघतो. मोर्चाला येत नाही, येणार नाही. खाणींवर त्याचं मत बदललेलं नाही. काजूच्या बागायतीतला पाचोळा जाळायची सवय हे वणव्यांचं एक कारण मानलं जातं, त्यावर तो बागायतदारांशी जे बोलू शकतो ते मी शंभर वर्षांत बोलू शकणार नाही.

आमच्यातल्या काहींना हे खटकतं. खाणीच्या बाजूचा माणूस आपल्यात कसा, म्हणतात. मी या बाबतीत हट्टी आहे. ज्या गटात शिरण्याआधी सगळ्या प्रश्नांवर एकमत सिद्ध करावं लागतं, तो गट शेवटी चार मित्रांचा उरतो, आणि चार मित्रांनी डोंगर विझत नाही.

माणसं घालवायची असतील तर त्याचे मार्ग मात्र सगळ्यांना येतात. बैठक दहाची ठरवून अकराला सुरू करायची. दोघांनीच सगळं करायचं आणि मग दोघांनीच सगळ्यांवर चिडायचं. झाड लावताना फोटो, पाणी घालायला कोणी नाही. कुठल्यातरी रिसॉर्टने टी-शर्ट वाटून किनारा साफ करायचा कार्यक्रम ठेवायचा आणि गावच्या पोरांना पार्किंगवर उभं करायचं. पेट्रोल स्वतःचं घालायला लावायचं आणि वर त्यागाचं कौतुक करायचं. कॉलेजच्या मुलाला पन्नास-शंभर रुपयांचं पेट्रोल हा खर्चच असतो. आम्ही आता डबा फिरवतो, ज्याला जमेल तो घालतो, ज्याला लागेल तो काढतो, कुणी किती घातले-काढले हे काकांच्या वहीतसुद्धा नाही.

पैशांवरून मोरजी आठवते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. तेवढे दिवस-रात्री घरट्याला जाळी लावून राखण करायची, कुत्र्यांपासून, खेकड्यांपासून, शॅकच्या उजेडापासून. हे राखणदार बहुतेक तिथलेच मच्छीमार घरांतले, वनखात्याच्या रोजंदारीवर. शहरातली मंडळी पिल्लं सोडायच्या पहाटे येतात, त्यांचे फोटो छापून येतात. मग कोणीतरी म्हणतं, राखणदार काय, त्यांना पगार मिळतो, ते स्वयंसेवक थोडेच! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एका राखणदाराला मी थंडीच्या रात्री दोन वाजता घरट्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला पाहिला आहे. महिन्याचे पैसे आले नव्हते तेव्हाही तो बसला होता. विचारलं तर म्हणाला, "हें म्हजें घरटें." त्यावर त्याने तारखेची पाटी स्वतः रंगवली होती. पैसे वेळेवर मिळाले असते तर त्याचं प्रेम कमी झालं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक रात्र त्या खुर्चीत काढावी.

बायकांचं काय, हे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. आमच्याकडे सुरुवातीला मी आणि एक कॉलेजची मुलगी, एवढ्याच. कारण सोपं होतं. सगळ्या भेटी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे चुलीच्या वेळेला. त्या दुपारी तीनवर आणल्या आणि बायका आल्या. आल्या त्या रिकाम्या हातांनी आल्या नाहीत. तायकिळो म्हणजे टाकळा कुठे कोवळा मिळतो, फागलां म्हणजे कर्टुली कुठल्या कुंपणावर, रोयणीवरच्या म्हणजे वारुळावरच्या अळम्या (अळंबी) कुठे उगवायच्या आणि हल्ली कुठे उगवत नाहीत, हे त्यांना तोंडपाठ. गेली काही वर्षं अळम्यांना भाव आल्यावर लोक कळ्या असतानाच रोयण खणून काढतात, हे आम्हांला एका वयनीने सांगितलं तेव्हा कळलं. ती स्वतः अळम्या विकते. विकणाऱ्यांनी काय सोडायचं याचा नियम तिनेच तिच्या वाड्यावर घातला, आम्ही फक्त मान हलवली. शिकवायला मिळालं की माणूस टिकतो. शिकायला मिळण्यापेक्षाही जास्त, असं मला वाटायला लागलंय.

आणि हरण्याचं काय करायचं? म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. केरी-सत्तरीतल्या राजेंद्र केरकरांसारख्यांनी त्यासाठी किती चपला झिजवल्या ते इथल्यांना माहीत आहे. अधिसूचना निघाली ती राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जेकब यांच्या सहीने, लोकनियुक्त सरकार नसताना. (यावर ज्याने त्याने आपल्या मनाशी विचार करावा.) जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असं सरकारला सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हादईच्या पाण्याचा वाद २०१० पासून लवादापुढे, २०१८ मध्ये निवाडा, त्यालाही आव्हान. या गतीने चालणाऱ्या गोष्टींवर माणसाचा उत्साह पोसला जात नाही. आमच्यातली जी मुलं फक्त निकालाकडे डोळे लावून होती ती खचली. जी त्याबरोबर रविवारी सकाळी एखाद्या तळ्यावर बसून हळदीकुंकू बदकं मोजत होती, अकरापर्यंत मोजणी संपवून भाजी-पाव खात होती, ती खचली नाहीत असं नाही, पण पुढच्या रविवारी आली. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत चालते. संपणारं काम हवं. न संपणाऱ्या कामाच्या पोटात, दर आठवड्याला संपणारं.

यंदा मे महिन्यात वेगळाच पेच उभा राहिला. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी जाहीर केलं, वही आता दुसऱ्याने घ्यावी. इंजिनिअरिंगच्या एका मुलाने लगेच फोन पुढे केला. ॲप आहे, त्यात ठिकाण आपोआप पडतं, आवाज रेकॉर्ड होतो, सगळ्या जगाला माहिती उपलब्ध. चूक काही नव्हतं त्याचं. आठवीतली एक मुलगी, आमच्या वयनीची, म्हणाली की वही मी लिहीन. बराच वाद झाला. बन्स संपले, दुसरा चहा आला.

"तुझ्या ॲपात कोण आलं नाही ते कुठे लिहितात?" काकांनी विचारलं.

"रिमार्क्समध्ये टाकू."

"रिमार्कात कोण वाचतो?"

शेवटी दोन्ही करायचं ठरलं. बेडूक ॲपमध्ये, माणसं वहीत. वही मुलीकडे गेली, कारण काकांची अट होती की अक्षर चांगलं हवं, आणि इंजिनिअरच्या वहीची पानं सगळ्यांनी पाहिली होती. मुलगा थोडा हिरमुसला. पुढच्या वर्षी मला द्या, म्हणाला, तोवर अक्षर सुधारतो. काकांनी त्याला पखवाजवाल्याच्या शेजारची खाचरं दिली आणि मुलीला पहिल्या पानावर त्याचं नाव घालायला सांगितलं, आडनावासकट.